‘हा पेपर त्यांचाच आहे’: विधानसभेच्या बातम्यांतला कल कसा तपासायचा

‘हा पेपर त्यांना विकला गेलाय.’ विधानसभेच्या प्रत्येक निवडणुकीत हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या लोकांकडून ऐकलं आहे, आणि अनेकदा एकाच पेपरबद्दल. २०१९ साली ते मी स्वतःही म्हणत होतो. मला बरा वाटणाऱ्या उमेदवाराला आमच्या भागातलं एक दैनिक मुद्दाम कमी जागा देतंय, अशी माझी खात्री होती. शेवटी चिडून प्रचाराच्या दोन आठवड्यांचे अंक काढले, पट्टी घेतली आणि मोजायला बसलो. जागा दोघांना जवळपास सारखीच निघाली. मात्र मोजता मोजता दुसरीच गोष्ट दिसली. एकाच्या बातम्या पहिल्या पानावर घडीच्या वर होत्या, दुसऱ्याच्या आतल्या पानावर जाहिरातींच्या शेजारी. शिवाय दुसऱ्याच्या बहुतेक बातम्या त्याच्यावर झालेल्या आरोपांच्याच होत्या. माझा संशय चुकीचा नव्हता, पण मी बोट भलतीकडे दाखवत होतो. तसाच संपादकांना फोन केला असता तर त्यांनी जागेचा हिशेब दाखवून मला दोन मिनिटांत गप्प केलं असतं.

म्हणून हा लेख. पक्षपात आहे की नाही, असेल तर नेमका कुठे आहे आणि त्याचं पुढे काय करायचं, हे एका माणसाला घरबसल्या कसं तपासता येईल ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं महाराष्ट्र विधानसभेची आहेत.

आधी स्वतःचं वजन करा

१९८५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या प्रेक्षकांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या, तरी त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या आहेत असं दोन्ही गटांना वाटलं. बाजू जितकी घट्ट धरलेली असते, तितकी निःपक्ष बातमीसुद्धा विरोधी वाटू लागते.

यावर उपाय साधा आहे. सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: मी कोणाला मत देणार आहे, आणि माझा संशय काय आहे. संशय असा लिहा की तो खोटा ठरण्याची सोय राहील. ‘अमुक दैनिक पक्षपाती आहे’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. ‘अमुक दैनिक प्रचाराच्या काळात पहिल्या पानावर एका उमेदवाराच्या जितक्या बातम्या देतं, त्याच्या निम्म्याही दुसऱ्याच्या देत नाही’ हे तपासता येतं. नंतर आकडे विरुद्ध गेले तर ते वाक्य वहीतून खोडायचं नाही.

किती दिवस, कोणते अंक

सर्वांत सोपा कालावधी म्हणजे अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून जाहीर प्रचार थांबेपर्यंत. २०२४ मध्ये माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळी थांबला. साधारण चौदा दिवस मिळतात. त्याआधी उमेदवार कोण हेच पक्कं नसतं, त्यामुळे तुलना लंगडी पडते.

मतदारसंघ एकच घ्या. २०२४ मध्ये २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. सगळ्यांना सारखी जागा कोणताच पेपर देऊ शकत नाही आणि देऊही नये. तुलना खऱ्या लढतीतल्या दोघातिघांची करा. मात्र बाकीच्यांची नावं उमेदवारांच्या यादीत एकदा तरी छापली गेली का, एवढं नोंदवा. ज्याचं नावच आलं नाही त्याच्यावरचा अन्याय मोजमापात कुठेच दिसत नाही.

पेपर किमान दोन हवेत. एकच पेपर मोजला तर कोणती गोष्ट पेपरची आणि कोणती निवडणुकीची, हे वेगळं करता येत नाही. उमेदवाराने सभाच कमी घेतल्या असतील तर दोन्ही पेपरांत त्याची जागा कमी दिसेल. एकातच कमी दिसली, तर प्रश्न विचारायला आधार मिळतो.

यात एक ठेच हमखास लागते. दैनिकाच्या जिल्हावार आवृत्त्या असतात आणि त्यांतली पानं वेगळी असतात. ई-पेपर उघडताना आवृत्ती रोज तीच आहे ना, हे पाहा. पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, पान क्रमांक आणि आवृत्तीचं नाव आलं पाहिजे. नुसतं कात्रण कापून ठेवलं तर पुढे तक्रारीच्या वेळी त्याला काही किंमत राहत नाही.

नोंदवही

प्रत्येक बातमीची एक ओळ. तारीख, पान, जागा (लीड म्हणजे पानावरची मुख्य बातमी, अँकर म्हणजे पानाच्या तळाची ठळक बातमी, चौकट, साधी एककॉलमी), लांबी-रुंदी, फोटो आहे का आणि किती कॉलमी, मथळा जसाच्या तसा, नाव कोणाचं (बायलाइन म्हणजे वार्ताहराचं स्वतःचं नाव, नुसतं ‘प्रतिनिधी’ की काहीच नाही), बातमी कोणाबद्दल आणि तिच्यात दुसऱ्या बाजूचं म्हणणं आहे का. ई-पेपरवर सेंटिमीटर मोजता येत नसेल तर पानाचा कितवा हिस्सा एवढं लिहिलं तरी चालतं. फक्त दोघांनाही तीच रीत लावा.

जागा मोजणं हा यातला सोपा भाग. सूर मोजताना माणूस स्वतःला फसवतो, म्हणून तिथे एक युक्ती करा. सगळे मथळे एका कागदावर उतरवा आणि उमेदवारांच्या नावांच्या जागी नुसतं ‘अमुक’ लिहा. मग हा कागद अशा मित्राला द्या, जो तुमच्या विरोधी पक्षाला मत देतो. प्रत्येक मथळ्यापुढे त्याने अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ लिहायचं, आणि तुम्हीही तुमच्या प्रतीवर वेगळं लिहायचं. जिथे दोघांचं जुळलं तेवढंच गृहीत धरा. आम्ही हे केलं तेव्हा सुरुवातीला वाद झाला, पण पंचवीसेक मथळ्यांनंतर बहुतेक ठिकाणी आमचं जुळू लागलं. नाव झाकलं की डोकं बऱ्यापैकी थंड राहतं.

शब्द: इथेच खरं काय ते कळतं

माझ्या मते सगळ्या तपासणीत हा भाग सर्वांत मोलाचा आहे. जागा सारखी देऊनही एखाद्याला उचलता येतं आणि एखाद्याला पाडता येतं, आणि ते काम बहुतेकदा क्रियापदं करतात.

‘म्हणाले’, ‘सांगितले’ ही साधी क्रियापदं. ‘दावा केला’ म्हटलं की वाचकाच्या मनात शंका पेरली जाते. ‘स्पष्ट केले’ म्हटलं की ते खरं आहे असं पेपरने मानलं. ‘ठणकावले’, ‘खडसावले’ म्हणजे बोलणाऱ्याच्या हातात छडी दिली. ‘बरळले’ म्हणजे निकालच लावला. आरोप करणाऱ्याने ‘तोफ डागली’ आणि उत्तर देणाऱ्याने ‘सारवासारव केली’, असं रोज होत असेल तर तो योगायोग नाही. उमेदवारागणिक क्रियापदांची यादी करा, दोन रकाने शेजारी ठेवा आणि वाचा. एका रकान्यात ‘दावा’ सात वेळा आणि दुसऱ्यात एकदाच आला, तर ते दोन्ही उमेदवारांच्या समर्थकांना सारखंच दिसतं.

गर्दीचे शब्दही तसेच. ‘झंझावाती दौरा’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘जनसागर उसळला’ हे वार्ताहराने पाहिलं की प्रेसनोटमधून आलं? मैदान कोणतं, सभा किती वाजता सुरू झाली, लोक किती होते, हे बातमीत नसेल आणि विशेषणं मात्र भरपूर असतील, तर बहुधा पक्षाच्या कार्यालयातून आलेला मजकूर जसाच्या तसा लागला आहे. याला दर वेळी पैसेच कारण असतात असं नाही. निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या वार्ताहराला एका संध्याकाळी चार सभांच्या बातम्या द्यायच्या असतात आणि हाताशी प्रेसनोट तयार असते.

पक्षांच्या नावांकडे तर आवर्जून पाहा. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यापासून महाराष्ट्रात ही कसोटी आयती मिळाली आहे. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिला, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार यांच्या पक्षाला. त्यानंतर एखादा पेपर कोणाला ‘गट’ म्हणतो आणि कोणाला ‘पक्ष’? ‘खरी शिवसेना’, ‘गद्दार’, ‘उबाठा’ हे शब्द वक्त्याच्या तोंडी अवतरणात आहेत, की पेपरच्या स्वतःच्या वाक्यात? अवतरणचिन्ह आहे की नाही एवढंच नोंदवा. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं.

जे छापलंच नाही

न आलेली बातमी मोजता येत नाही, असं म्हणतात. काही प्रमाणात ती मोजता येते, कारण काही गोष्टी घडल्या हे आपल्याला पेपरशिवायही कळतं. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे असतात, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं. दोन्ही प्रमुख उमेदवारांची शपथपत्रं काढा आणि त्यांतलं काय पेपरमध्ये आलं ते ताडून पाहा. एकाचे गुन्हे मथळ्यात आणि दुसऱ्याच्या गुन्ह्यांबद्दल चकार शब्द नाही, हा जागेच्या मोजमापापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर, गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला आणि त्याच्या पक्षाला प्रचारकाळात तीन वेळा त्यांची जाहीर माहिती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर द्यावी लागते. ती जाहिरात बारीक अक्षरात आतल्या पानावर असते. ज्या दैनिकाने ती जाहिरात छापली, त्याने त्यावर बातमी केली का? हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

पॅकेज ओळखणं

कल असणं वेगळं आणि पैसे घेऊन बातमी छापणं वेगळं. संपादकीय भूमिका घेण्याचा पेपरला अधिकार आहे, जाहिरात बातमी म्हणून विकण्याचा नाही. भारतीय प्रेस परिषदेच्या व्याख्येनुसार, रोख रकमेच्या किंवा इतर कसल्याही मोबदल्यात आलेली बातमी वा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज. गावाकडे याला सरळ ‘पॅकेज’ म्हणतात.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभेचं प्रकरण प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्द न् शब्द तोच, तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत छापून आला होता. त्या काळात त्यांच्या कारकिर्दीवर पानंच्या पानं निघाली. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. प्रकरण आयोगापुढे गेलं. दाखवलेला खर्च खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगाचा अधिकार मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांविरुद्ध आदेश काढला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तोवर त्या निवडणुकीला पाच वर्षं होत आली होती.

ओळखायचं कसं? पहिली खूण हीच: मथळ्याखालचं एखादं लांब वाक्य घ्या आणि ते अवतरणात टाकून शोधा. तेच वाक्य दुसऱ्या पेपरात वेगळ्या नावाखाली सापडलं, तर एक तर ती प्रेसनोट आहे किंवा पॅकेज. प्रेसनोट सहसा त्या दिवशीच्या घटनेची असते, पॅकेजला घटनाच नसते. ‘अमुक यांचे पारडे जड’, ‘वाढता पाठिंबा’, ‘विकासाचा ध्यास घेतलेले नेतृत्व’ असा मजकूर, ज्यात काल काहीही घडलेलं नाही, प्रतिस्पर्ध्याचं नाव नाही, वार्ताहराचं नाव नाही, आणि फोटो तोच जो पत्रकावर आहे. प्रेस परिषदेच्या २०१० च्या अभ्यासात आलेली आणखी एक खूण मला सर्वांत बोलकी वाटते: एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांबद्दल दोन बातम्या, आणि प्रत्येकीत तिचाच उमेदवार विजयी होणार असल्याची खात्री.

त्या पानाची कडाही पाहा. बारीक अक्षरात ‘जाहिरात’ किंवा ‘पुरस्कृत’ लिहिलं असेल तर ती पेड न्यूज नाही, आणि तुमची तक्रार पहिल्याच टप्प्यावर पडेल.

टीव्ही आणि अंदाज

टीव्हीसाठी फोनवरचं स्टॉपवॉच पुरतं. चर्चेत प्रत्येक बाजूचे किती जण बसवलेत, प्रत्येकाला सलग किती सेकंद बोलू दिलं, निवेदकाने कोणाला किती वेळा तोडलं. सभा थेट दाखवताना कोणाचा आवाज पूर्ण पडद्यावर होता आणि कोणाची सभा कोपऱ्यातल्या चौकटीत मुकी चालू होती, हेही लिहा. आठवडाभर रोज तोच एक कार्यक्रम पाहा. तीन वाहिन्यांवर उड्या मारून काही हाती लागत नाही.

मतदानपूर्व चाचणी दिसली की चार गोष्टी शोधा: कोणी केली, पैसे कोणी दिले, किती लोकांना विचारलं, कोणत्या तारखांना. राज्यभरच्या नमुन्यावरून एका मतदारसंघाचा निकाल सांगत असतील तर ते सोडून द्या. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणुकीवर प्रभाव टाकणारा मजकूर दाखवायला मनाई आहे, आणि एक्झिट पोल मतदान सुरू झाल्यापासून संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत दाखवता येत नाहीत.

मालक कोण

शेवटच्या पानाच्या तळाशी ती ओळ असते: मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. मार्चच्या सुरुवातीच्या अंकांत वर्तमानपत्रं ‘फॉर्म नंबर ४’ छापत आली आहेत. त्यात मालकी आणि भागधारकांची नावं असतात. जुने अंक काढून वाचा.

महाराष्ट्रात वर्तमानपत्रं आणि राजकारण यांचं नातं जुनं आणि उघड आहे. ‘सामना’ शिवसेनेचं मुखपत्र म्हणून १९८८ साली निघाला, ‘प्रहार’ नारायण राणे यांनी सुरू केला, ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा राज्यात मंत्री होते. मुखपत्राकडून तटस्थतेची अपेक्षाच नसते, ते आपली बाजू पहिल्या पानावर सांगतं. बाकीच्यांच्या बाबतीत मालकीवरून प्रश्न विचारा, उत्तर काढू नका. मालक एका पक्षाचा आणि वार्ताहर कसून काम करणारा, अशी पानं मी मोजली आहेत. म्हणून ही पायरी शेवटी ठेवली आहे. मालकाचं नाव आधी कळलं की प्रत्येक मथळ्यात तेच दिसू लागतं.

तक्रार कुठे

संपादकांना पत्र पहिलं, आणि ते शिवीगाळीचं नको. तारीख, पान, मथळा, क्रियापदांचे दोन रकाने, शपथपत्रातली सुटलेली बाब, एवढंच. प्रेस परिषदेकडे जायचं तरी आधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुराबद्दलची तक्रार दोन महिन्यांच्या आत करायची. परिषद ताकीद देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. वाहिनीबद्दल आधी त्या वाहिनीकडे सात दिवसांत लिहा. ती एनबीडीएसए या स्वनियमन संस्थेच्या कक्षेतली असेल तर पुढे तिथे जाता येतं.

पेड न्यूजचा मार्ग वेगळा आणि घाईचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असते. तिला ते पूर्ण पान त्याच दिवशी द्या, कारण बातमी आल्यापासून ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस काढायची असते. उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. पेड न्यूज ठरली तर तेवढ्या जागेचा जाहिरातीच्या दराने खर्च त्याच्या खात्यात धरला जातो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. रक्कम लहान असली तरी ती निर्णायक ठरू शकते. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, ते २१,२५० रुपयांच्या न दाखवलेल्या खर्चावरून.

निकालानंतरही वही फेकू नका. निकालापासून ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि नियमानुसार एक रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. वही घेऊन जा, वर्तमानपत्री जाहिरातींचा रकाना उघडा आणि तुमच्याकडची पानं एकेक करून त्याच्याशी लावून पाहा. निवडणुकीला न्यायालयात आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवसांची असते आणि ती त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. उमेदवाराने हिशेब अगदी शेवटच्या दिवशी दिला, तरी तुमच्या हातात पंधरा दिवस उरतात.